गणपतराव देशमुख : अकरा विजयांपलीकडची पन्नास वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगोल्याचे दिवंगत आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेच्या आसपास वृत्तपत्रांतून त्यांच्यावर मजकूर येतो, तसा तो यंदा आपल्या दैनिकातही आला. मजकूर आदराने लिहिलेला होता आणि त्याबद्दल तालुक्यातला एक वाचक म्हणून मी आपला आभारी आहे. मात्र त्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या आता छापून छापून पक्क्या होत चालल्या आहेत. त्या दुरुस्त व्हाव्यात आणि त्यांच्या निमित्ताने एका दुष्काळी तालुक्याच्या आमदाराची कारकीर्द नेमकी कशी मोजावी याबद्दल थोडे लिहावे, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर कौतुकाची वाक्ये आधी कापावीत, पाण्याची ठेवावीत.

पहिली गोष्ट विक्रमाची. विधानसभेवर अकरा वेळा निवडून येणे हा देशातील विक्रम आहे, असे सरसकट लिहिले जाते. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, तर केरळचे के. एम. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकल्या. दोघेही आपापल्या राज्यातले मोठे नेते होते आणि त्यांच्या पाठीशी सत्तेत जाऊ शकणारे पक्ष होते, हे खरे आहे. तरी आकडा तो आकडाच. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गणपतरावांचे अकरा विजय अजोड आहेत, आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे. ज्या माणसाने सभागृहात उभे राहून मंत्र्यांच्या उत्तरातली आकडेवारी तपासली, त्याच्याविषयी लिहिताना तरी आपण आकडा फुगवू नये.

दुसरी गोष्ट वर्षांची. ‘सलग पंचावन्न वर्षे आमदार’ हे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. ती वर्षे सलगही नव्हती आणि पंचावन्नही नव्हती. ते १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा. १९७२ मध्ये ते हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ मध्ये पुन्हा पराभव झाला. पुढे १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे चार विजय मिळाले आणि २०१९ मध्ये त्यांनी उमेदवारी केली नाही. ही बेरीज पन्नाशीच्या थोडीशी पुढे जाते, त्याहून फार नाही. माझा जन्म १९६२ चा आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो तो २०२० मध्ये, म्हणून ही वर्षे मला बोटांवर मोजता येतात. शिकलो, नोकरीला लागलो, मुलांची लग्ने झाली, तरी मधली सहा-साडेसहा वर्षे सोडली तर आमदार तेच.

या दोन पराभवांचा उल्लेख गौरवलेखांतून एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. १९९५ मध्ये ते शहाजीबापू पाटील यांच्याकडून १९२ मतांनी हरले. त्या काळी मतपत्रिका होत्या आणि मोजणीच्या वेळी त्यांचे पन्नास-पन्नासांचे गठ्ठे बांधत. मी स्वतः दुसऱ्या मतदारसंघात मोजणीच्या कामावर होतो, त्यामुळे तो गठ्ठा हातात किती भरतो हे मला ठाऊक आहे. एका मुठीत मावतो. १९२ मते म्हणजे असे पुरते चार गठ्ठेही नव्हेत. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही की त्या खेपेला मी आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, मत दिले नव्हते. राग नव्हता. कालव्याच्या पाण्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो होतो, विहीर मात्र फेब्रुवारीतच तळ दाखवत होती आणि समोरचा उमेदवार तरुण होता. माझ्यासारखे आणखी शंभरएक जण असणार, कारण फरक तेवढ्याचाच होता. पुढे साडेचार वर्षांनी तोच मतदार त्यांच्याकडे परत गेला. मीही गेलो.

तो परत का गेला, याचे उत्तर साधेपणाच्या गोष्टींत सापडत नाही. एसटीने प्रवास करणारा आमदार, आमदार निवासात राहणारा आमदार, साधे कपडे घालणारा आमदार ही चित्रे खरी आहेत आणि आजच्या गाड्यांच्या ताफ्यांच्या दिवसांत ती भुरळ घालतात, हे मी समजू शकतो. पण एसटीने तर आम्हीही फिरत होतो, म्हणून आम्हाला कोणी अकरा वेळा निवडून दिले नसते. साधेपणाचे कौतुक करणाऱ्यांची एक सोय होते. माणूस चांगला होता एवढे म्हटले की त्याने काय मागितले, ते किती मिळाले आणि न मिळालेले कोणी अडवले हे विचारावे लागत नाही.

म्हणून आधी तालुका सांगतो. सांगोला हा सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. माण नदी तालुक्यातून वाहत जाऊन भीमेला मिळते, पण ‘वाहते’ हे क्रियापद वर्षातल्या थोड्याच दिवसांना लागू पडते. एरवी ते वाळूचे पात्र आहे. खिलार जनावरे, मेंढरे, बाजरी, ज्वारी आणि पोटासाठी बाहेरगावी जाणारी माणसे, असा आमच्या लहानपणीचा संसार होता.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर जाई. सकाळी मुकादम हजेरीपट घेऊन बसे, नाव पुकारले की ती ‘हाय जी’ म्हणून पुढे होई आणि घमेले उचली. दुपारी सुकडी मिळे, ती ती पदराला बांधून आमच्यासाठी आणी. घरात मिलोच्या, म्हणजे तांबड्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी असत, तांबड्या आणि चिवट, थंड झाल्या की चावताना दात दुखत. हे सगळे चाललेले असताना गणपतराव आमदार नव्हते, कारण दुष्काळ पडला त्याच वर्षी मार्चमध्ये तालुक्याने त्यांना पाडले होते. मला हे पुढे मोठेपणी कळले आणि त्याचा थोडा अचंबाही वाटला, कारण घरातल्या आठवणींत त्या कामांशी त्यांचेच नाव जोडलेले होते.

त्या कामांचा पुढे कायदा झाला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा आणि त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून. योजनेचे शिल्पकार म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण सरकारच्या मर्जीवर चालणारी योजना वेगळी आणि मजुराने हक्काने मागावी अशी हमी वेगळी, हा फरक डाव्या पक्षांनी, त्यांत शेतकरी कामगार पक्षाने, सातत्याने लावून धरला होता. कायदा झाला त्या वर्षी विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद गणपतरावांकडे आले होते. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराची मजुरी द्यायची, हा विचार देशात महाराष्ट्राने आधी केला. केंद्राचा रोजगार हमी कायदा येण्यास त्यानंतर २००५ साल उजाडले. पुढे १९९९ च्या आघाडी सरकारात गणपतराव मंत्री झाले, तेव्हा पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला रोजगार हमीचे खाते मिळणे ही गोष्ट कोणाला किरकोळ वाटेल. ज्यांच्या आईचे नाव त्या हजेरीपटावर होते त्यांना ती तशी वाटली नाही.

रोजगार हमीची दुसरी पायरी म्हणजे १९९० च्या सुमारास सुरू झालेली फळबाग लागवड. खड्डे काढणे, रोपे लावणे, ती जगवणे यांची मजुरी योजनेतून मिळू लागली आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब चढले. ज्या जमिनीत कुसळे उगवत होती तिथे आधी गणेश आणि मग भगवा या जातींच्या बागा उभ्या राहिल्या. डाळिंबाला पाणी कमी लागते, पण ते वेळेवर लागते. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची आणि मग ठिबकने मोजून पाणी सोडायचे. दुष्काळात वाढलेल्या माणसाला पाणी मोजण्याची सवय असते, म्हणून हे पीक आमच्याकडे रुजले, असे मला नेहमी वाटत आले आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, त्या दिवशी दूरदर्शनवर आमच्या गावाचे नाव ऐकून माझ्या नव्वदीच्या आईने विचारले होते, “आपलंच सांगोलं का?” पुढे तेल्याने, मर रोगाने आणि खोडकिड्याने कित्येक बागा काढाव्या लागल्या. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता पाणी. विजयांच्या यादीपेक्षा या पाण्याच्या तारखा लक्षात ठेवाव्यात, असे मी म्हणेन, कारण कारकीर्द इतकी लांब का झाली याचे निम्मे उत्तर त्यांत आहे.

कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याची राज्याराज्यांतली वाटणी बच्छावत लवादाने केली. १९७६ च्या अंतिम आदेशाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले आणि मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद होती. याचा साधा अर्थ असा की वाट्याला आलेले पाणी त्याआधी अडवून वापरात आणले नाही, तर त्यावरचा आपला दावा दुबळा होणार होता. पाणी कृष्णेत, आणि तहान माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला या पट्ट्यात. मध्ये चढ. पाणी उपसून वर आणल्याशिवाय इलाज नव्हता. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्या चळवळीतली ठळक नावे. ती परिषद नुसती पाणी मागत नव्हती. आलेले पाणी समन्यायी पद्धतीने वाटले जावे, ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क असावा, ही तिची मागणी होती. उसाच्या पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना ती अर्थातच अडचणीची होती.

त्याच दशकात टेंभू उपसा सिंचन योजना मार्गी लागली. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बंधारा, तिथून पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी करीत शेवटी सांगोल्यात आणायचे. कालव्याच्या भाषेत आम्ही टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे. नीरा उजव्या कालव्याचेही आम्ही टेललाच. टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे हेडच्या शेतकऱ्याला कधी कळत नाही. वर चार जणांनी दारे उघडली की खाली पत्र्याच्या पेटीतला पाण्याचा दाखला तेवढा उरतो, पाणी येत नाही.

त्यात आणखी एक पेच असा होता की, १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा सोडून बाकीचा भाग ‘उर्वरित महाराष्ट्र’ ठरला. अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजताना सांगोल्याची गणती बागायती कोल्हापूर-सांगलीबरोबर झाली. पुढे सिंचनाचा निधी राज्यपालांच्या निर्देशांप्रमाणे अनुशेषाच्या प्रमाणात वाटला जाऊ लागला. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खरा होता आणि त्यांना निधी मिळणे न्याय्य होते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु पश्चिम महाराष्ट्राच्या पोटात असलेले दुष्काळी तालुके या हिशेबात दिसेनासे झाले आणि अर्ध्यावर आलेल्या उपसा योजना पैशावाचून रखडल्या. ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हटले की मुंबई-नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस आणि साखर कारखाने येतात. त्या नकाशात आमचा माळ कुठे आहे, हे दाखवत राहण्याचे काम कोणी तरी अधिवेशनामागून अधिवेशन करावे लागते.

आणि ते काम कसे करतात, हे आता लोकांना फारसे माहीत राहिलेले नाही. मोर्चा दिसतो, भाषण ऐकू येते, पण तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते तो, कोणी पाहत नाही. विधानसभेच्या छापील प्रश्नाची एक ठरलेली बांधणी असते. अमुक योजनेचे काम अमुक वर्षापासून बंद आहे, ‘हे खरे आहे काय’. असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली. ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. मंत्र्याचे उत्तर कधी ‘होय’ असते, कधी ‘हे अंशतः खरे आहे’ असते आणि बरेचदा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असते. मग उपप्रश्नांत त्याच उत्तराची शिवण उसवायची. नाहीच जमले तर लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावर कपात सूचना. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे नोंदला जातो, तो पुढच्या अधिवेशनात काढून पुन्हा समोर ठेवायचा. ही सगळी आयुधे नियमपुस्तिकेत असतात आणि सर्व आमदारांना सारखीच उपलब्ध असतात. ती वापरायला मात्र आधी वाचावे लागते, सभागृहात बसावे लागते आणि वर्षानुवर्षे एकच गोष्ट विचारताना कंटाळून चालत नाही.

गणपतराव पहिल्यांदा निवडून गेले तेव्हा विधानसभेत २६४ जागा होत्या आणि ती मुंबईत काळा घोड्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. नरिमन पॉइंटचे विधानभवन १९८१ मध्ये उघडले. तोवर जागा २८८ झाल्या होत्या. यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत मुख्यमंत्री येत-जात राहिले. १९६२ मध्ये त्यांच्या पक्षाचे पंधरा आमदार होते, २०१४ मध्ये तीन. कोणत्याही पक्षाच्या सदस्याला बोलण्याचा वेळ मिळतो तो संख्याबळाच्या प्रमाणात, त्यामुळे पक्ष आटत गेला तसा त्यांच्या वाट्याला येणारा वेळही आटत गेला असणार. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला, त्याआधीही सोडला नाही आणि त्या कायद्यातल्या पळवाटा सगळ्यांना पाठ झाल्या त्यानंतरही नाही. सत्तेतल्या कुठल्याही पक्षाने त्यांना पायघड्या घातल्या असत्या, हे उघड आहे. अलीकडच्या काळातील घडामोडींशी तुलना करण्याचा मोह मी टाळतो.

सूतगिरणीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या तालुक्यात कापूस पिकत नाही, आणि तरीही शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ज्यांनी तेव्हा हसून घेतले त्यांच्यातल्या काहींची मुले पुढे तिथे पाळीत कामाला लागली. शिक्षक असताना माझ्या वर्गातली कित्येक मुले सांगत, “बाप गिरणीत हाय.” त्या मुलांच्या वह्या वेळेवर येत, एवढे मला ठाऊक आहे. महिलांची वेगळी सूतगिरणीही पुढे झाली. महाराष्ट्रातल्या सहकारी सूतगिरण्यांचे काय झाले, त्यातल्या किती बंद पडल्या आणि किती विकल्या गेल्या, याचा इतिहास आपले वाचक जाणतात. पन्नास वर्षे एका माणसाच्या शब्दाला वजन असलेल्या तालुक्यात सहकारी संस्था त्या माणसाच्या घरची मालमत्ता झाली नाही, ही साधेपणाच्या शंभर गोष्टींपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती न लिहिली तर हे पत्रही गौरवलेखच ठरेल. आयुष्यभर ज्या काँग्रेसच्या विरोधात लढले, तिच्या सरकारात १९९९ मध्ये मंत्री होणे अनेक जुन्या कार्यकर्त्यांना रुचले नव्हते. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळातही ते होते, पण ते काँग्रेस फोडून आलेल्यांचे आणि विरोधकांचे मिळून झालेले सरकार होते, त्याचे समर्थन करता येत होते. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि मंत्रिपद संपले. तीन वर्षांच्या त्या सत्तेतून तालुक्याच्या पदरात नेमके किती पडले, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे.

याहून गंभीर उणीव दुसऱ्या फळीची. इतकी वर्षे तालुकाभर गावोगाव कार्यकर्ते असलेल्या पक्षाला, नेत्याने वयोमानामुळे थांबायचे ठरवल्यावर, उमेदवार शोधताना अखेर त्यांच्याच घरात यावे लागले. २०१९ मध्ये त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जिंकले ते पुन्हा शहाजीबापू पाटीलच. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले आणि आज ते पक्षाचे विधानसभेतील एकमेव आमदार आहेत. दोघेही शिकलेले आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण लाल बावट्याखाली घडलेल्या शेकडो कार्यकर्त्यांपैकी एकाचेही नाव मतदारांपुढे ठेवावे असे पक्षाला वाटू नये, हे आबासाहेबांच्या कारकिर्दीचेही अपयश आहे. एकच माणूस अर्धे शतक पुरला, म्हणून पुढचा घडवण्याची घाई कोणाला झाली नाही.

आणि तिसरे, जे विरोधक प्रत्येक निवडणुकीत विचारत असत, ते म्हणजे पन्नास वर्षांत पाणी का आले नाही. प्रश्न रास्त आहे. १९९५ मध्ये मीही मतपेटीतून तोच विचारला होता. आज इतक्या वर्षांनी त्याचे उत्तर मला असे दिसते. लवादाचा आदेश १९७६ चा, परिषद १९९३ ची, योजना त्यानंतरची, निधीची कोंडी पुढच्या दशकातली, आणि पाणी टेलला पोहोचू लागले ते त्याच्याही नंतर, तेही सगळ्या गावांत नाही. जे काम पूर्ण व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात, ते पाच वर्षांच्या आमदाराच्या हातून होत नाही, कारण तो जाईपर्यंत फाइल कुठे अडली आहे एवढेच त्याला समजलेले असते. त्यांची कारकीर्द लांबली, कारण काम लांबले होते. काम लांबले याला ते जबाबदार होते की नाही, हे मात्र केवळ आठवणींवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी कागद पाहावे लागतील.

म्हणून आपणास एक विनंती आहे. पुढच्या वर्षी ३० जुलैला पुन्हा एसटीचे छायाचित्र आणि अकराचा आकडा छापण्याऐवजी आपल्या एखाद्या वार्ताहराला विधानमंडळाच्या ग्रंथालयात आठवडाभर बसवावे. कार्यवृत्तांताचे खंड तिथे आहेत. १९६२ पासून सांगोल्याच्या आमदाराने पाणी, रोजगार हमी आणि दुष्काळ या तीनच विषयांवर विचारलेले प्रश्न तारीखवार काढावेत, त्याखाली त्या त्या मंत्र्याने दिलेले उत्तर द्यावे आणि शेजारी ते काम प्रत्यक्षात कधी झाले ते वर्ष लिहावे. ज्या मधल्या वर्षांत ते सभागृहात नव्हते, त्या वर्षांतले तालुक्याच्या दुसऱ्या आमदारांचे प्रश्नही त्याच रकान्यांत यावेत, म्हणजे तुलना न्यायाची होईल. तीन रकान्यांचा तक्ता होईल, दोन पाने लागतील. यातल्या बऱ्याच ओळींचा तिसरा रकाना कोरा राहील, असा माझा अंदाज आहे. तिथे आपण स्वतःकडून काही लिहू नये, त्या प्रश्नाच्या शेवटी छापलेलीच ओळ पुन्हा द्यावी : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. सांगोला, जि. सोलापूर